निळ्या कार्डाचे कोपरे

शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होतील, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि चौथीनंतर शाळेत गेले नाही. अक्षरही वाईट आहे. हातात ब्रश असला की हात हलका चालतो, पेन धरलं की जड होतो आणि कागदाला मागून उठाव येतो. ही वही कोणी उघडेल असं वाटत नाही. उघडलीच तर अक्षराला हसा, पण सगळं वाचा, अर्धं वाचून ठेवू नका. मी अर्धं बोलले, त्यातूनच पुढचं सगळं झालं.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे आखते. मूर्ती रंगून झाली की शेवटी बुबुळ, पापणी, भुवई माझ्याकडे येतात. माहेर इथून जवळच्या जिते गावचं, तिथेच शेजारच्या कारखान्यात शाळा सुटल्यावर बसायचे, हात तिथे बसला. डोळ्यांचं काम नसतं तेव्हा टचिंग करते. साच्यातून काढताना, घासताना, उचलून ठेवताना कुठे बोटाचा टवका उडतो, कुठे सोंडेवर रंग खरवडतो. ज्याला दिसेल त्याने तो भरायचा, वरून रंग लावायचा. आणि एक रीत मी लहानपणापासून सगळ्या कारखान्यांत पाहिली आहे, की याबद्दल बोलायचं नाही. गिऱ्हाईकाशी तर नाहीच, आपसांतही नाही. देव घरी न्यायला आलेल्या माणसाच्या मनात किंतु कशाला घालायचा? प्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच असते, तिला सावरायचं आणि तोंड मिटायचं. मी तशीही बोलत नाही. दुकानात सुटे पैसे कमी आले तरी गुपचूप घरी येते. म्हणून मालकीणबाई टचिंगला मलाच बसवायच्या.

माझा नवरा पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. मी त्यांना हे म्हणायचे, इथेही तसंच लिहिते. ह्यांना एकच नाद होता, क्रिकेटच्या कार्डांचा. लहानपणी च्युइंगमबरोबर मिळायची ती, पत्त्याएवढी, पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याच्या धावा. बाकीची पोरं मोठी झाली आणि त्यांची कार्डं बंबात गेली. ह्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. ह्यांचे एक मामा बोटीवर होते, त्यांनी विलायतेतून असल्या कार्डांचं पाकीट आणलं होतं. त्यात एक निळ्या काठाचं कार्ड होतं, आपल्याच एका खेळाडूचं, अजून मिसरूड न फुटलेला पोरगा. पुढे तो फार मोठा झाला आणि त्याच्याबरोबर कार्डाची किंमतही.

मला वाटायचं हे खूळ एकट्या ह्यांचं. मग मोबाइल आले आणि कळलं की असे पुष्कळ आहेत. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं नुसता फोटो पाहून हजारो रुपये पाठवायची. मौल्यवान कार्ड असेल तर ते अमेरिकेत एका कंपनीकडे पाठवतात. तिथे ते भिंगाखाली तपासतात, कोपरे शाबूत आहेत का, कडा सरळ आहेत का, कुठे ओरखडा आहे का, आणि दहापैकी मार्क देतात. मग जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. डबीवर जो आकडा असेल त्यावर किंमत. हे मला जेवताना सांगायचे. मी हसायचे, म्हणायचे, आमच्या गणपतीला कोणी मार्क देत नाय ते बरं.

कार्ड विकायला काढलं की हे त्यातले दोष आधी सांगायचे. फोनवर इतक्या मोठ्याने बोलायचे की मला मोरीपर्यंत ऐकू यायचं. "कोपरा दबलाय हा. मागं शाईचा ठिपका हाय. चालत असेल तर बोला." मी एकदा म्हटलं, असं सांगून कोण घेणार? तर म्हणाले, हा सगळा धंदा न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर चालतो, दुसरं आहे काय आमच्याकडे. हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. मोरीत भांडी घासत होते.

या नादातले ह्यांचे सगळ्यात जवळचे म्हणजे अष्टमीचे एक जण. रोह्याला कंपनीत कामाला, शिफ्ट सुटली की गाडी धरून आमच्याकडे येऊन बसायचे. मी त्यांना भावजी म्हणते. दोघे जमिनीवर कार्डं मांडायचे आणि चहा थंड करायचे. भावजी ह्यांच्याकडून कार्ड घेताना कधी भिंग काढायचे नाहीत.

मागच्या वर्षाच्या आधीच्या पावसाळ्यात ह्यांना कावीळ झाली ती उतरलीच नाही. पनवेलच्या हॉस्पिटलात ठेवलं. मी मालकीणबाईंकडून उचल घेतली, म्हणजे पुढच्या सीझनच्या कामावर आधीच पैसे. एकदा घेतली, पुन्हा घेतली. ह्यांना घरी आणलं ते न बोलणारं आणलं. गणपती तोंडावर आले होते, कारखान्यात डोळे नसलेल्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या, आणि मी सुतकात घरी.

दिवस झाल्यावर भावजी आले. म्हणाले, वहिनी, निळं कार्ड विका, उचल फिटेल. बाकीची डब्यात राहू द्या, त्याची आठवण म्हणून. ठाण्याला एक माणूस होता, तो ते किती वर्षं मागत होता. भावजी आधी स्वतः घेणार आणि मग त्याला देणार, म्हणजे मला पैशांसाठी थांबावं लागणार नाही. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले.

मी डबा उघडला. ते कार्ड हे कोणाच्या हातात द्यायचे नाहीत, भावजींनीही ते प्लास्टिकच्या धुरकट पिशवीतूनच पाहिलेलं. मी बाहेर काढून उजेडात धरलं तर चारही कोपरे पांढरे पडलेले. पिशवीत घालायच्या आधीच कधीतरी पत्र्याला घासून निळा काठ उडाला होता आणि आतला कागद दिसत होता. ह्यांची सगळ्यात लाडकी वस्तू, आणि घराबाहेर जाणार ती अशी, टवके उडालेली.

तेव्हा मी जे केलं ते करताना माझ्या मनात काही म्हणजे काही वाईट नव्हतं, हे मी कितीही वेळा लिहिलं तरी कमीच. सगळ्यात बारीक ब्रश घेतला, पापणीच्या केसांचा. निळ्यात काळ्याचा थेंब टाकला, पाण्याने दुधासारखा पातळ केला, नखावर लावून पाहिला. मग एकेक कोपरा. ब्रश नुसता टेकवायचा आणि उचलायचा, कागदाने पाहिजे तेवढाच रंग प्यायला पाहिजे. हे गेल्यापासून पहिल्यांदा माझा श्वास सरळ चालला होता. झाल्यावर मलाच कोपरे कुठले ते ओळखू येईना. मी ते कार्ड ह्यांच्या फोटोसमोर ठेवलं.

भावजी आले, कार्ड पिशवीतून काढून खिडकीशी नेलं. म्हणाले, "कोपरे काय राहिलेत, वहिनी. मी झिजलेले धरून चाललो होतो." आणि ठरल्यापेक्षा जास्त पैसे मोजले, पंच्याऐंशी हजार. भिंग आणलं नव्हतं. म्हणाले, ह्या घरचं कार्ड हाय, भिंग कशाला.

तिथे मी बोलायला हवं होतं. पण माझ्या हाताचं काम कोणाला दिसलं नाही, म्हणजे चांगलं झालं, एवढंच मला कळत होतं. आमच्यात तीच शाबासकी. पैसे वाढवले ते मला ह्यांच्या मैत्रीतले वाटले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंना सगळी उचल परत केली. त्या म्हणाल्या, बाई असून शब्दाला जागलीस गो.

होळीच्या सुमाराला भावजींचा फोन आला. त्यांचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही. ठाण्याच्या माणसाने कार्ड अमेरिकेला पाठवलं होतं, ते परत आलं होतं. मार्क नव्हते. कोपऱ्यांना रंग लावून बदललेलं कार्ड, असं लिहून आलं होतं. ठाणेवाल्याने ग्रुपवर फोटो टाकला होता, आणि कार्ड कोणाच्या घरून आलं तेही.

भावजींनी विचारलं, "वहिनी, खरं काय ते सांगा. त्याने रंग लावला होता?"

मी म्हटलं, "नाय."

पुढे "मी लावला" असं यायला हवं होतं. तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, पैसे कुठं घातले ते विचार आधी तिला. माझी दातखीळ बसली. भावजी म्हणाले, असू दे, आणि फोन ठेवला. मी नाय म्हटलं ते खरं होतं. पण त्यांना वाटलं मी नवऱ्याला झाकतेय.

त्यानंतरचं भराभर झालं. भावजींनी ठाणेवाल्याचे पैसे परत केले, बायकोच्या पाटल्या बँकेत गहाण ठेवून. विकणारे तेच होते, ग्रुपमध्ये राहायचं तर द्यावेच लागणार होते. आणि ग्रुपवर निघालं, की ह्यांच्याकडून ज्यांनी ज्यांनी कार्डं घेतली त्यांनी ती तपासून घ्यावीत. ते ह्यांच्या फोनवर आलं, इंग्रजीत होतं. मी दुकानातल्या पोरीकडून वाचून घेतलं. ती वाचून म्हणाली, काकी, हे काकांबद्दल हाय का? मी म्हटलं, दुसरे कोणीतरी असतील.

म्हणजे आता मीही त्यांना ओळखत नाही म्हटलं.

एका रविवारी दारात एक अनोळखी माणूस आला. ह्यांच्याकडून त्याने पूर्वी कार्डं घेतली होती. पाणी दिलं ते प्यायला नाही. म्हणाला, घरात असलेली बाकीची पाहू द्या. मी डबा दिला. त्याने खिशातून जांभळा उजेड पडणारी बॅटरी काढली. त्या उजेडात मागाहून लावलेला रंग वेगळा चमकतो म्हणे. तो जमिनीवर बसला, ह्यांच्या फोटोखाली, आणि एकेक कार्ड घेऊन चारही कोपऱ्यांवर बॅटरी मारू लागला. हे नेहमी जिथे बसायचे तिथेच. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. एकातही काही निघालं नाही. मला वाटलं, आता म्हणेल, माणूस चांगला होता. तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "एक सापडलं ना. आता बाकीची चांगली असून काय उपयोग?" आणि गेला.

त्या दिवशी मी जेवले नाही, पुढच्याही दिवशी नाही. पैसे गेले तर गेले, हात आहेत, आखेन आणखी डोळे. पण ह्यांचं काय? मेलेल्या माणसाला उठून हे माझं काम नाही, बायकोचं आहे, असं सांगता येत नाही. आयुष्यभर दोष आधी सांगणारा माणूस आता लबाड म्हणून राहणार होता, आणि त्याला लबाड करणारी मी त्याच्याच फोटोला हार घालत होते. ते फक्त मलाच पुसता येणार होतं, आणि मला तर बोलता येत नव्हतं.

पेणहून रोह्याची गाडी धरली. कासूला मनात वाक्य जुळवलं, नागोठण्याला पुन्हा म्हणून पाहिलं. त्यांच्या बायकोचा आवाज आठवला आणि निडी आलं तशी मी उतरले. रोहा पुढचंच स्टेशन. निडीच्या फलाटावर बाकावर बसून राहिले, परतीची गाडी येईपर्यंत. रुळांकडे पाहताना काय काय मनात आलं ते लिहीत नाही. एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन शेजारी बसली होती. तिने विचारलं, कोणाकडं चाललीस गो? मी म्हटलं, कोणाकडं नाय. ती म्हणाली, मंग माझी टोपली तरी उचलू लाग. मी तिची टोपली उचलू लागले आणि तिच्याबरोबर गाडीत चढून पेणला परत आले.

दुसऱ्या वेळी मी निडीला डोळे मिटून घेतले आणि रोह्यालाच उघडले.

अष्टमीला भावजींच्या घरी गेले तेव्हा ते कामावरून येऊन जेवत होते. त्यांची बायको तांदूळ निवडत होती. तिने मला बस म्हटलं नाही. तिचे हात मोकळे होते, पाटल्यांच्या जागी त्वचा गोरी दिसत होती. मी उभ्यानेच सांगितलं. म्हटलं, भावजी, रंग मी लावला. ह्यांना माहीत नव्हतं, हे तेव्हा नव्हतेच. कारखान्यात लावतो तसा लावला.

भावजींनी ताट बाजूला केलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्याच्यासाठी बोलताय. मला कळतंय."

त्यांची बायको सुपातून मान वर न करता म्हणाली, "मेलेल्या नवऱ्याचं पाप अंगावर घेतलंस म्हणून माझ्या पाटल्या सुटणार हायत का गो? मुकी होतीस ती बरी होतीस."

मी बोलले तर हे असं. जन्मात पहिल्यांदा सगळं खरं एका दमात बोलले आणि ते कोणालाच खरं वाटलं नाही. मी तिथून निघाले ती कुंडलिकेच्या पुलावर येऊन थांबले. भरतीचं पाणी चढत होतं. हातात पिशवी होती, पिशवीत जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली, आणि तळाशी कामाचे ब्रश, कापडात गुंडाळलेले. ते मी नेहमीच घेऊन फिरते. ब्रश हाताला लागले तशी मी वळले आणि परत त्यांच्या दारात गेले. म्हटलं, ठाण्याच्या माणसाला बोलवा. तो असताना मी करून दाखवते.

पुढच्या रविवारी तो भावजींच्या घरी आला. चांगल्या घरचा, वयाने ह्यांच्याएवढा, सभ्य. कार्ड परत द्यायचंच होतं त्याला. त्याने ते टेबलावर ठेवलं. त्याच्याकडेही तसली बॅटरी होती, त्या जांभळ्या उजेडात मी माझे चार कोपरे पहिल्यांदा पाहिले. दिवसाच्या उजेडात कोणाला न दिसणारे ते कोपरे मेल्या माशाच्या डोळ्यासारखे चमकत होते.

भावजींनी तशाच निळ्या काठाचं एक फालतू कार्ड दिलं, कोपरे खाल्लेलं. मी जमिनीवर बसले. कारखान्यातूनच आणलेला निळा, त्यात काळ्याचा थेंब. तिघं माझ्या हाताकडे पाहत होती. माझं काम कोणी असं कधी पाहिलं नव्हतं. हात कापला तर काम वाईट होईल, वाईट झालं तर मी नव्हे असं ठरेल, म्हणून मी श्वास धरला. जितकं चांगलं करीन तितकी मी लबाड ठरणार होते आणि तितके हे सुटणार होते. मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं.

सुकल्यावर ठाणेवाल्याने ते खिडकीशी नेलं, भिंग लावलं, मग बॅटरी मारली. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. एकाच हाताचं आहे हे सांगायची गरज राहिली नाही. भावजी भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडावर हात घेतला. त्यांच्या बायकोने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

ठाणेवाल्याने विचारलं, सांगितलं का नाही तेव्हा? मी म्हटलं, आमच्यात सांगत नाहीत. त्याला ते कळलं की नाही मला माहीत नाही. तो म्हणाला, रंग लावलेलं कार्डही लोक घेतात हो, कमी पैशांत, पण सांगून दिलं तर. एवढंच पाहिजे असतं.

त्याने तिथेच ग्रुपवर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता. माझ्यासाठी मराठीत सांगत होता, की तो माणूस निर्दोष होता, घरातल्या कोणीतरी अजाणता रंग लावला. माझी लाज राखायला लिहीत होता, ते मला समजलं.

मी म्हटलं, "घरातल्या कोणीतरी नको. बायकोने लिहा. आणि हे गेल्यावर लावला, ते लिहा."

ते त्याने लिहिलं. मग कार्डाच्या मागेही लिहून द्याल का, म्हणाला, पुन्हा कोणी फसू नये म्हणून. मी निळ्या कार्डाच्या मागे, धावांच्या आकड्यांच्या खाली, माझ्या वाईट अक्षरात लिहिलं, कोपऱ्यांना रंग मी लावला आहे. पेन दाबलं गेलं. पुढच्या बाजूला, त्या कोवळ्या पोराच्या छातीवर उठाव आला. एवढी वर्षं जपलेलं कार्ड, ते तिथे कायमचं संपलं.

ग्रुपवर ह्यांच्याबद्दल मग चार चांगले शब्द आले म्हणे. माझ्याबद्दलही आले, ते भावजींनी वाचून दाखवले नाहीत आणि मी विचारलं नाही. बॅटरीवाला माणूस काही परत आला नाही.

भावजींचे पैसे द्यायचे राहिले. भावजी म्हणत होते, सावकाश द्या. त्यांची बायको काहीच म्हणत नव्हती, नुसतं मनगट चोळत होती. मी मालकीणबाईंकडे पुन्हा उचल मागितली आणि त्यांनी दिलीही असती. पण त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक मूर्ती पाहायला आलं. नवराबायको होते, लहान मूर्ती, त्यांना फार आवडली. तिच्या उजव्या हाताचं बोट मीच भरलं होतं. बाईने मला सहज विचारलं, सगळं ठीक आहे ना हो? आणि माझ्या तोंडून निघून गेलं की बोट सांधलेलं आहे. बाईचा चेहरा उतरला. दुसरी कुठलीच मूर्ती न बघता ती दोघं निघून गेली.

मालकीणबाई म्हणाल्या, "तुला काय वेड लागलं का गो? देवाचं बोट सांधलेलं, असं गिऱ्हाईकाला सांगतेस?" त्यांचंही खरं होतं. त्या बाईच्या घरी ती मूर्ती हसत बसली असती आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. तिथे न सांगणं ही माया आणि इथे तेच फसवणूक, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसलेलं नाही. मालकीणबाईंनी मला टचिंगवरून काढलं, उचल दिली नाही. डोळे तेवढे ठेवले, कारण डोळ्यांना माणूस मिळत नव्हतं.

म्हणून मग डबा उघडावा लागला. भावजींनी ठेवायला सांगितलेली बाकीची कार्डं एकेक करून विकली. घेणारे अट घालायचे, बोलणं वहिनींशीच करून द्या. भावजी फोन लावून माझ्या हातात द्यायचे. पलीकडे अनोळखी पुरुष, आणि मी, जिला दुकानदाराकडे सुटे मागता येत नाहीत. पहिल्या वेळी मी फोन धरून नुसती घामाने भिजले. मग कार्ड डोळ्यांसमोर धरलं आणि दिसेल ते सांगत गेले. वरचा डावा कोपरा दबलाय. मागं च्युइंगमचा डाग हाय. मधे एक वळी पडलीय, बारीक, पण हाय. पलीकडचा माणूस ऐकत राहायचा. काही घ्यायचे, काही नाही. माझा आवाज मोठा होत गेला, मोरीपर्यंत जाईल एवढा. ह्यांचा जायचा तसा.

डबा रिकामा झाला तरी थोडे राहिले होते. ते दोन सीझनच्या डोळ्यांतून फेडले. पहाटे जायचे, मूर्तींमागून मूर्ती, पाठ मोडायची. पैसे हातात आले की रोह्याची गाडी. कधी थोडे, कधी त्याहून थोडे. भावजींची बायको दरवेळी दार उघडायची, आत जायची. मग एकदा बस म्हणाली. मग एकदा चहा दिला, साखर जास्त घातलेला.

शेवटचे पैसे यंदा गणपती विसर्जनानंतर दिले. भावजी पाकीट घेऊन तसंच खिशात ठेवायला लागले. म्हणाले, मोजायचे काय, वहिनी, तुमचे हायत. मी म्हटलं, मोजा. ते हसले, राहू द्या म्हणाले. मी पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि त्यांच्या बायकोपुढे धरलं.

"मोजा, ताई."

ती पदराला हात पुसून खाली बसली, पाकीट उघडलं, बोटाला थुंकी लावून एकेक नोट काढली, उजेडात धरून पाहिली. मोजताना तिचे ओठ हलत होते. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मी उभी होते, मला घाई नव्हती. नोटा सारख्या करून मांडीवर ठेवत ती म्हणाली, "पुरे हायत. सगळे फिटले."